बिब्ब्याची खूण

धुळाजी मेला तर मी रडणार न्हाई, हे आधीच सांगून ठेवते. आणि मी मेले तर त्यानंबी माझ्या दारात येऊन बसू नये. लोक म्हणतात, केशरबाईची जीभ लई तिखट. असू दे. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं धामणवाडीत पिठाची गिरणी आणि तेलाचा घाणा चालवून राह्यले मी. गिरणीच्या आवाजावर बोलायचं तर मोठ्यानंच बोलावं लागतं. फक्त ज्या दिवशी खरंच मोठ्यानं बोलायचं होतं त्या दिवशी मी तोंड शिवून बसले. त्याचंच सांगते.

केदारखेड्याहून आत सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. ओढ्याच्या अल्याड जमीनवाल्यांची मोठी घरं, पल्याड धनगरांची वस्ती. धुळाजी वस्तीवरचा. सत्तरी ओलांडलेला, वाळक्या अंगाचा, डोळ्यात मोतीबिंदू. पण त्या माणसाचे हात! दोन कळप एकात मिसळले तर अंधुक डोळ्यांनी मेंढरांत शिरायचा, कान चाचपायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि सांगायचा, ही माझी, ही पल्याडच्याची. कधी चुकला न्हाई. पायाला लागलेलं मेंढरू, किडा पडलेली जखम, अडलेली म्हैस, सगळ्याला धुळाजीच. मोठ्या घरातली माणसं त्याला रात्री-बेरात्री गोठ्यात बोलवायची आणि काम झालं की अंगणातच चहा द्यायची, तोबी येगळ्या कपात.

मेंढराला खूण करायचीबी त्याची एक रीत होती. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा. काळं तेल सुटलं की कानाच्या आत एक ठिपका. तो ठिपका जनावर मरेपर्यंत जात न्हाई. खूण केलेलं मेंढरू हरवत न्हाई, असं म्हणायचा तो, आणि म्हणताना त्याची छाती फुगायची. दुसरं होतंच काय त्याच्यापाशी छाती फुगवायला? ग्रामसभेत चपला काढतात तिथं बसायचा. कुणी विचारलं न्हाई कधी, धुळाजी, तुला काय वाटतं. भाकरीची भूक त्यानं मारली होती, मानाची न्हाई. ती भूक लई वाईट.

त्याचा पोरगा रामेश्वर आणि सून सत्यशीला सहा महिने उसाच्या फडावर. त्यांची पोरगी मोनिका धुळाजीनंच वाढवली. आई-बाप कारखान्यावर गेले की आजा आणि नात. तो तिची वेणीबी घालायचा, वाकडीतिकडी, आणि पोरगी तशीच शाळेत जायची. बारावी झाली आणि तिनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला. पहाटे पाझर तलावाच्या रस्त्यानं पळायची. गोळाफेकीला गोळा न्हाई, मंग माझ्या गिरणीतलं पाच किलोचं जुनं लोखंडी वजन मागून नेलं. गिरणीच्या मागं फेकायची. रोज संध्याकाळी धप्प, धप्प. माझी मागची जागा खड्ड्यांनी भरून गेली, आणि खरं सांगते, मला ते खड्डे बघून बरं वाटायचं. भरतीत चार किलोचा गोळा असतो, मी पाचचा फेकून राह्यले मावशी, म्हणजे तिथं हलका लागेल, असं म्हणायची.

रामेश्वरनं तिला बजावलं होतं. यंदा लागली तर लागली, न्हाई तर उन्हाळ्यातच लगीन. कुंभार पिंपळगावकडचा मुलगा बघूनबी ठेवला होता, ऊसतोड टोळीतला. तोडीला जोडी लागते. एकट्या माणसाला मुकादम घेत न्हाई. त्या मुलाला बायको पाहिजे होती म्हणजे कोयत्याचा दुसरा हात पाहिजे होता. मोनिकाला हे पक्कं ठाऊक होतं. भरतीची तारीख चैत्रात आली, जालन्याला. ती तारीख तिनं माझ्या गिरणीच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवली होती.

आता त्या आधीची भानगड. दिवाळीनंतर सरपंचाची निवडणूक झाली. काकासाहेबांच्या मंडळी, पुष्पाबाई, उभ्या होत्या. काकासाहेब म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं घर. चाळीस वर्षं सरपंच त्याच घरातला किंवा त्या घरानं बसवलेला. समोर वस्तीवरची बेबीनंदा. आणि पुष्पाबाई चार मतांनी पडल्या. चार! काकासाहेबांनी आकाश डोक्यावर घेतलं. म्हणले, ऊसतोडीवाले एका दिवसासाठी गाडीनं आले, बोटाची शाई पुसली आणि दोन-दोनदा मतं टाकून गेले. यादीत नावं खोटी, शाई खोटी, सगळं खोटं. तहसिलीत अर्ज केला. तिथं पुरावा मागितला, तो न्हाई म्हणून अर्ज फेटाळला. खरं काय, कुणी किती पुसलं, ते देवीला ठाऊक. पण काकासाहेब जिथं बसतील तिथं तेच.

मंग आली देवीच्या कमिटीची निवड. रेणुकेच्या देवळाची चौदा एकर जमीन हाय, त्यात वस्तीची मेंढरं चरतात. कमिटी ज्याची, जमिनीवर शब्द त्याचा. ती निवड गावचीच, सरकारचा संबंध न्हाई. आजवर चार म्हातारे बसून नावं ठरवायचे. यंदा काकासाहेब म्हणले, मतदान घेऊ, आणि सरकारला दाखवून देऊ की इमानदारीचं मतदान कसं असतं. ग्रामसभेत त्यांनी नवीन रीत मांडली. यादीच नको, कारण यादीतच चोरी होते. गावचं अठराच्या वरचं कोणतंबी माणूस येईल, मत टाकेल. मशीन नको, चिठ्ठी. पेटी देवीच्या पुढ्यात, तिथं पहारा नको, देवीपुढं कोण खोटं करणार? आणि एकानं दोनदा येऊ नये म्हणून खूण, पण अशी की बापजन्मात पुसली जाणार न्हाई. वस्तीवरचा बद्रीनाथ, जो दुसऱ्या पॅनलचा पुढारी, त्यानं विचारलं, अशी कसली खूण? तर काकासाहेबांनी चपलांपाशी बघितलं आणि म्हणले, धुळाजीला विचारा.

अख्ख्या गावानं मान वळवून त्या म्हाताऱ्याकडं बघितलं. मी तिथंच होते. त्याचा चेहरा असा झाला की मला त्याचा राग यायला पाहिजे होता, पण कीव आली. त्याला उठवून पुढं बसवलं. खुर्चीवर. उठून तो बिब्ब्याबद्दल बोलला, आणि चांगलं बोलला. कुणाकुणाला बिब्बा उततो, अंग सुजतं, फोड येतात, हेबी त्यानं सांगितलं. काकासाहेब म्हणले, एका ठिपक्यानं काय होतंय, आपण काय शहरातली माणसं हाव का? सगळे हसले. धुळाजीबी हसला. अंगठ्यावर ठिपका ठरला, उजव्या, कारण अंगठा लपवता येत न्हाई. आणि खूण करणाऱ्यानं तोंड बघून कुणाला सूट देऊ नये म्हणून धुळाजीनंच एक कलम घातलं: मधी घोंगडी टांगायची, तिला भोक, माणसानं पल्याडून फक्त हात घालायचा. बद्रीनाथलाबी ते पटलं. वस्तीला वाटलं, आपला माणूस हाय तिथं, आता काय भीती.

दोन दिवसांनी काकासाहेब स्वतः ओढा ओलांडून धुळाजीच्या झोपडीवर गेले. उभ्या जन्मात पहिल्यांदा. त्याच्या हातचा चहा पिले, त्याच्याच कपात. आणि बोलता बोलता विचारलं, की बरं, हा बिब्ब्याचा डाग कशानं धरत न्हाई? धुळाजीनं सांगून टाकलं. आधी तिळाचं तेल चांगलं चोळलं तर बिब्बा धरत न्हाई आणि उततबी न्हाई. मेंढरांचं करताना मी माझ्या बोटांना तेच लावतो. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, कौतुकानं, की बघ केशरबाई, एवढा मोठा माणूस, पण किती बारकाईनं विचारतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी माझ्या घाण्यावरून सात घरांत तिळाचं तेल गेलं. सातही घरं काकासाहेबांची, भावकीतली. मी म्हणले, देवीच्या दिव्याला असेल. म्हणले म्हणजे स्वतःला म्हणले.

सकाळी देवळाच्या ओवरीत काळी घोंगडी टांगली. अल्याड धुळाजी पाटावर, धुतलेलं धोतर, डोक्याला नवीन पागोटं. दिवा आणि सुई सांभाळायला मी, कारण तेलाचं काम माझं. बाजूला खुर्चीवर काकासाहेब, देखरेखीला. बद्रीनाथ वस्तीवरून माणसं आणायला टेम्पोबरोबर फिरून राह्यला होता. भोकातून हात यायचा, धुळाजी अंगठा धरायचा, ठिपका द्यायचा, मी चिठ्ठी द्यायची, हात मागं जायचा. काही हात कोरडे, भेगाळलेले, कोयत्यानं घट्टे पडलेले. काही हात तेलकट. एक-दोनदा धुळाजीनं आपली बोटं एकमेकांवर चोळून बघितली. काकासाहेब म्हणले, देवीचा दिवस, लोक न्हाऊन तेल लावून आलेत. धुळाजीनं मान हलवली.

दुपारच्याला एक हात आला आणि धुळाजीची सुई थांबली. मीबी ओळखला. मनगटावर काळा दोरा, तळव्यात माझ्या गिरणीतल्या वजनाच्या कडेनं पडलेला घट्टा. त्यानं तर तो हात वीतभर असल्यापासून धरलेला. पल्याडून हळूच आवाज आला.

"आजा, मला नका लावू. चार दिवसांवर भरती हाय. आईलाबी उतला होता ना बिब्बा."

उतला होता, खरंच. सत्यशीला पोटुशी असताना गुडघ्याला बिब्बा लावला आणि महिनाभर तोंड सुजून पडली होती. धुळाजीनंच तीळ-खोबरं कुटून घातलं होतं तिला. म्हणजे त्याला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्ती. माझ्या मांडीपाशी धुळाजीच्या बोटांसाठी ठेवलेली तिळाच्या तेलाची वाटी होती. एक बोट बुडवून त्या अंगठ्याला लावायचं, एवढंच काम. त्यानं वाटीकडं बघितलंबी. तेवढ्यात काकासाहेब हसत म्हणले की बघा, नियम करणाराच आता घरचं माणूस आलं की वाकतो का. बस. धुळाजीनं पोरीचा अंगठा दाबून धरला. तिनं हात मागं ओढला, त्यानं अजून घट्ट धरला, मेंढराचा कान धरतात तसा, आणि ठिपका दिला. एक न्हाई, दोन. मला म्हणला, केशरबाई, चिठ्ठी द्या. मी दिली.

भोकात हात घालायच्या आधीच मत सोडून निघून जायची अक्कल तिला सुचली असती तर! पण एकोणीस वर्षांची पोर, सरपंचाच्या वेळी यादीत नाव नव्हतं, हे पहिलं मत. ती गेली आणि टाकून आली.

यानंतर अर्ध्या तासानं भोकातून एक जाडजूड हात आला, उजव्या अंगठ्याला नख न्हाई. तो हात सकाळीबी आल्ता. काकासाहेबांच्या भावाचा, थ्रेशरमध्ये नख गेलेलं, गावाला ठाऊक. अंगठा तेलानं माखलेला आणि कोरा. धुळाजीनं तो हात धरून ठेवला. बोटांनी चाचपला. मंग मान न वळवता काकासाहेबांना हळू म्हणला की हा हात सकाळी येऊन गेला.

काकासाहेबांनी पायावरचा पाय काढलाबी न्हाई. "धुळाजी, घोंगडीमागं कुणाला नाव नसतं. नियम तुमचाच."

तुमचाच, म्हणले. जन्मभर ज्याला अरे-तुरे केलं त्याला तुमचा. आणि त्या म्हाताऱ्यानं खूण केली. मी चिठ्ठी दिली. त्याच्यानंतर तसे हात मी मोजायचे सोडून दिले. मी का बोलले न्हाई? माझी गिरणी काकासाहेबांच्या जागेत हाय. झालं ना समाधान?

संध्याकाळी चिठ्ठ्या निघाल्या. काकासाहेबांचं पॅनल सव्वीस मतांनी आलं. गावात त्या दिवशी अठराच्या वरची जेवढी माणसं हजर होती त्यापेक्षा चिठ्ठ्या जास्ती, हे बद्रीनाथनं ओरडून सांगितलं. काकासाहेब शांत. म्हणले, पुरावा काय? खूण करणाऱ्यालाच विचारू. सगळ्या गावापुढं, देवीपुढं विचारलं, कोणी दोनदा आलं का? धुळाजी उभा राह्यला. मोनिका समोरच बसली होती, अंगठा ओढणीत गुंडाळून. त्यानं सांगितलं, घोंगडीमागचं मला कसं कळणार. ज्या हातांनी दीडशे मेंढरांत आपलं मेंढरू ओळखलं, त्या हातांचा मालक म्हणला, मला कसं कळणार. मंग बद्रीनाथनं माझ्याकडं बघितलं. मी दिव्याची वात पुढं सारली.

तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. एकट्या मोनिकाला न्हाई, वस्तीवर अकरा जणांना. अंगठे काळे-निळे, फोड, पाणी. मोठ्या घरांत एकालाबी न्हाई. याच्याहून साफ पुरावा अजून कोणता पाहिजे होता? चोर कोण ते गावाच्या कातडीवर लिहून आलं होतं. पण काकासाहेब काकासाहेब हायेत. त्यांनी देवळात आरतीनंतर म्हणून टाकलं, ज्यांनी देवीपुढं खोटं केलं त्यांना देवीनं दाखवलं. आणि लोकांनी ते धरलं! माझ्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका बोलायच्या, बघ ना गं, बराबर वस्तीवरच्यांनाच. मी पट्टा चढवायची, म्हणजे ऐकू येऊ नये.

मोनिकाचं तोंड एवढं सुजलं की डावा डोळा मिटला. उजवा हात कोपरापर्यंत लाल. फडावरून परतलेल्या सत्यशीलानं तीळ-खोबरं लावलं, डॉक्टरनं सुई दिली. चौथ्या दिवशी त्याच अवस्थेत पोरगी जालन्याला गेली. सत्यशीला बरोबर होती, तिनं सांगितलं. एका डोळ्यानं आठशे मीटर पळाली आणि चांगली पळाली. अंगठ्याचा ठसा मशीन घेईना, मंग दुसऱ्या बोटाचा घेतला, तेबी निभावलं. गोळ्यावर आली आणि संपलं. मुठीत गोळा धरला की फोड फुटायचे. तीन वेळा फेकला, तिन्ही वेळा पायापाशी पडला. चार किलोचा. तीन मार्कांनी हुकली.

घरी आल्यावर तिनं आज्याला एकच मागणं मागितलं. नोकरीचं जाऊ द्या, गावात माझ्याकडं देवीची चोर म्हणून बघून राह्यलेत, तुम्ही खरं काय ते सांगा. धुळाजी जाग्यावरून हालला न्हाई. कारण त्याच सकाळी नवीन कमिटीचा निरोप आल्ता. देवीच्या चौदा एकरांत वस्तीच्या मेंढरांना बंदी, फक्त धुळाजीच्या मेंढरांना मोकळीक, कामाची कदर म्हणून. आणि जत्रेत शाल-नारळ. त्यानं पोरीला म्हणलं की झालं ते झालं, मोठ्या माणसांशी वाकडं घेऊन आपण कुठं जाणार. ती त्याच्याशी त्यानंतर बोलली न्हाई. रामेश्वरनं तारीख काढली.

जत्रेत काकासाहेबांनी स्वतःच्या हातानं शाल पांघरली. माईकवर म्हणले, धामणवाडीनं मतदानाची नवी रीत घालून दिली. टाळ्या झाल्या. मीबी वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

वैशाखात लगीन लागलं, देवळाच्याच अंगणात. भर उन्हात धुळाजी ती शाल घेऊन बसला होता, घाम गळून राह्यला होता तरी काढीना. निघायच्या वेळी मोनिका सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याबी पडली. मला वाटलं काहीतरी बोलेल, शिवी तरी देईल. ती म्हणली, मावशी, वजन गिरणीमागं ठेवलंय. मंग आज्यापुढं गेली. खाली वाकली न्हाई. उजवा हात पुढं केला. अंगठ्याचं नख गळून गेलेलं, नवी कातडी गुलाबी, आणि मधी ते दोन काळे ठिपके, जसेच्या तसे. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी तो अंगठा धरला आणि ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"खूण केलेलं मेंढरू हरवत न्हाई ना, आजा? मंग मला शोधायला येऊ नका."

हात सोडवून घेतला आणि टेम्पोत जाऊन बसली. दिवाळीनंतर ती फडावर गेली, तिच्या आईच्या टोळीत न्हाई, दुसऱ्याच कारखान्याला. कोयता उजव्या हातातच धरावा लागतो. सत्यशीला फोनवर सांगते, अंगठा अजून थंडीत ठणकतो तिचा. धुळाजी रोज मेंढरं घेऊन देवीच्या चौदा एकरांत जातो, एकटाच, वस्तीवर त्याच्याशी कुणी बोलत न्हाई. मोठ्या घरची माणसं आता त्याला ओवरीत बसवून चहा देतात.

पुढच्या महिन्यात गावच्या तंटामुक्ती समितीची निवड हाय, तीबी गावचीच. काकासाहेबांचा निरोप आलाय, रीत तीच ठेवायची, घोंगडी तीच, माणसं तीच. धुळाजी डोंगराकडं जाऊन बिब्बे घेऊन आलाय, मी त्याच्या ओसरीवर वाळत टाकलेले बघितले. काल सकाळी काकासाहेबांच्या घरून तिळाच्या तेलाची बाटली भरायला आली. मी ती काठोकाठ भरून दिली.